उजव्या दांड्याचा ताठा

गाड्यांचे सुटे भाग माणसांशी उघड उघड बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट. खोटी वाटत असेल तर एखाद्या गॅरेजात जाऊन कान लावून बघा.

आत झोपायची सोय असलेल्या एका मुक्कामी गाडीचं छत झोपायच्या वेळी कडेच्या कापडी भिंतींसकट वर उचललं जाई. ते पेलायला डाव्या-उजव्या बाजूंना गॅस भरलेले दोन दांडे होते, डिक्कीला असतात तसे. एके दिवशी गॅस संपून डावा खचला, छत तिरकं झालं आणि गाडी इसाक मिस्त्रींकडे आली.

"मी होतो म्हणून इतकी वर्षं निभावलं," उजवा छाती फुगवून म्हणाला. "याचंही ओझं मीच वाहिलं. त्याला काढा. मला हात लावायचं काम नाही!"

"बरं बाबा, राहा तू," मिस्त्री म्हणाले. त्यांनी डाव्याला भंगाराच्या डब्यात टाकलं आणि त्याच्या जागी नवा दांडा बसवला. नव्याने एका दमात आपली बाजू वर नेली. उजवा मात्र अर्ध्यावरच थरथरत राहिला.

"अरे, उचल की!" छत ओरडलं. "माझं कापड फाटतंय!"

उजव्याने सगळा जीव एकवटला, पण त्याची बाजू बोटभरही हलली नाही.

"मिस्त्री, काढा मला," तो हळूच म्हणाला. तिथेही नवा दांडा बसला आणि छत सरळ वर गेलं.

डब्यात डाव्याने विचारलं, "काय रे, तू कसा इथे?"

"सोडतच नव्हते मला!" उजवा ताठ होत म्हणाला. "मीच म्हटलं, आमच्या डाव्याला एकट्याला करमायचं नाही."

डावा खुदकन हसला. "ये, सरक इकडे. तुझा ताठा तेवढा गॅसशिवाय चालतो बघ!"