काखेतला तुकडा

डोंगर हाकेला ओ द्यायचे, तेव्हाची ही गोष्ट. हौसा वानरीची आजारी आई कड्याच्या माथ्यावर एकटी होती. तिला फळं न्यायची, तर गार वाऱ्यानं हौसा अर्ध्यातूनच परत फिरे. म्हणून पानं शिवणाऱ्या शेवंता शिंपिणीनं, त्या चिमुकल्या पाखरानं, तिला अंगरखा शिवला. पहिल्याच चढणीत तो काखेत टरकन फाटला.

"बयो, बसवून मापं घेतलीस. मी काय बसून चढते?" हौसा म्हणाली.

शेवंता खजील झाली; पण तिनं नेम धरला, अंगरखा माथ्यावर पोचेपर्यंत घरट्यात पाऊल टाकायचं नाही. देवाचं नाव घेऊन ती हौसाच्या पाठीवर बसली. जिथं ताण पडे, तिथं उसवून तुकडा जोडी. चौथ्या दिवशी दोघी माथ्यावर पोचल्या.

फळ खाता खाता आईनं उबदार बाही चाचपली. "कुणी गं शिवला?"

"आम्ही दोघींनी," शेवंता म्हणाली.