सारखा बिघडणारा लॅपटॉप

एका तालुक्याच्या गावी कुमुदिनीबाई नावाच्या एक बाई एकट्याच राहत. टेलिफोन कचेरीतून त्या ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. उभा जन्म लोकांची बोलणी जुळवून देण्यात गेला, आणि आता दिवसच्या दिवस त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं. भाच्याने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना त्यांना देऊन टाकला. त्यावर त्या पत्त्यांचा डाव मांडत आणि स्वतःच स्वतःला हरवत.

एके दिवशी लॅपटॉप सुरूच होईना. बटण दाबलं की दिवा लागे, आतला पंखा घरघरे, पडदा मात्र काळाच. बाईंनी चार्जर काढून पुन्हा लावला, बटण दाबून धरलं, दोन चापट्याही मारून पाहिल्या. शेवटी बाजारातल्या दुरुस्तीवाल्या मल्लिनाथला बोलावलं. त्याने लॅपटॉप उलटा केला, खालचं झाकण उघडलं, रॅमची बोटभर पट्टी बाहेर काढली, तिची कड खोडरबराने घासली आणि पट्टी खटकन परत बसवली. पडदा उजळला.

"धूळ बसली होती मावशी, दुसरं काही नाही," तो म्हणाला.

मग चहा झाला. मल्लिनाथने आपल्या लेकीच्या खोड्या सांगितल्या. बाई कितीतरी दिवसांनी पोटभर हसल्या. तो गेला आणि घर आधीपेक्षा जास्तच रिकामं झालं.

एकटेपणा माणसाला नाही नाही ते कारभार शिकवतो. पुढच्याच आठवड्यात बाईंनी स्वतः झाकण उघडलं, पट्टी जराशी सैल केली आणि साळसूदपणे मल्लिनाथला फोन लावला. तो आला, पट्टी घासली, बसवली, चहा घेऊन गेला. मग हे नेहमीचंच होऊन बसलं.

पण हळूहळू मल्लिनाथचं हसणं कमी झालं. एकदा तो पट्टी हातात धरून नुसताच बसून राहिला.

"मावशी, माझ्या हातात काही राहिलं नाही ओ," तो म्हणाला. "एवढीशी पट्टी मला धड बसवता येईना. लोकांची मशीनं घ्यायची भीती वाटतीय. दुकान बंद करतो आणि मेव्हण्याच्या ट्रकवर जातो."

'लॅपटॉपच जुना आहे रे' असं म्हणून बाईंना वेळ मारून नेता आली असती. शब्द अगदी ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले.

"तुझा हात चांगला आहे, मल्लिनाथ. पट्टी मीच सैल करत होते. तू येऊन बसावंस म्हणून."

मल्लिनाथने पट्टी खटकन बसवली आणि झाकण लावलं. "माझा माझ्यावरचा विश्वास उडाला होता मावशी," एवढंच तो म्हणाला, आणि चहा तसाच टाकून निघून गेला.

त्यानंतर लॅपटॉप एकदाही बिघडला नाही. बाई डाव मांडत आणि अर्ध्यावर सोडून उठत. फोन हातात घेत आणि खाली ठेवत. काय सांगून बोलावणार? सगळं धडधाकट होतं. इतकं एकटं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी त्या स्वतः बाजारात गेल्या. मल्लिनाथचं दुकान उघडं होतं आणि गिऱ्हाइकंही होती. त्याने मान वर केली.

"लॅपटॉप कुठाय?" त्याने तुटकपणे विचारलं.

"घरी आहे. चांगला चालतोय." बाई दाराशीच थांबल्या. "मला घरी करमत नाही, म्हणून आले. घटकाभर बसू का?"

स्टुलावर एक उघडलेलं मशीन पडलं होतं. ते उचलून मल्लिनाथने आपल्या मांडीवर घेतलं आणि स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं.

तात्पर्य : सोबत हवी असेल तर सोबतच मागावी. खोट्या निमित्ताने बोलावलेला माणूस घरी येतो, पण आपला होत नाही.