मध्यंतराला उठणारे गाव

सुरूबंदरला कबड्डीचा सामना पाहायला गेलेल्या परक्या माणसाची मध्यंतराला हमखास फजिती होते. शिट्टी वाजते, दोन्ही संघ रिवाजाप्रमाणे बाजू बदलतात, आणि त्यांच्यापाठोपाठ गावही उठते. चटया, छत्र्या, शेंगांच्या पुड्या, झोपलेली पोरे, सगळे उचलून माणसे मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला निघतात. आपला संघ ज्या टोकाला गेला, त्याच्या पाठीमागे जाऊन बसतात. काही वर्षांपूर्वी कुणा हुशार अधिकाऱ्याने इथे नंबर घातलेल्या खुर्च्या पक्क्या बसवून दिल्या. लोक खुर्च्या तशाच टाकून उठतात आणि दुसऱ्याच्या नंबरावर जाऊन बसतात. त्यावरून थोडी भांडणे होतात, पण बसून कुणी राहत नाही.

याचे कारण विचारले की सगळे चोगले काकांकडे बोट दाखवतात. काका जन्मभर कबड्डीचे पंच होते, आता ऐंशीच्या पुढे आहेत. मैदानावर येणाऱ्या पाहुण्यांना ते ही हकिगत सांगतात आणि सुरुवातीलाच बजावतात, "मी पाहिलेलं नाही. माझ्या आजोबांनी पाहिलं, असं ते म्हणायचे. आणि आजोबा दर वेळी थोडं वेगळं सांगायचे."

त्या काळी या खेळाला हुतूतू म्हणत. चढाईला गेलेल्याने एका दमात 'हुतूतू' म्हणत राहायचे, समोरच्या गड्याला हात लावायचा आणि दम सुटायच्या आत मध्यरेषा ओलांडून परत यायचे. आपल्या अर्ध्या मैदानाला खेळाडू 'घर' म्हणत. तेवढा एक शब्द लक्षात ठेवावा, कारण सगळा घोटाळा त्याच्यापायी झाला.

घाटावर मोरपठार नावाचे गाव आहे. तिथे धनावडे नावाच्या मालकाची तेलगिरणी होती आणि गिरणीचा पगारी हुतूतू संघ होता. कागदावर हे गडी हमाल होते. प्रत्यक्षात त्यांनी पोत्याला हात लावल्याचे कुणी पाहिले नव्हते, आणि गावाला त्याचा अभिमान होता. एके वर्षी मालकाने गिरणी घाटाखाली सुरूबंदरला न्यायचे ठरवले. गिरणी हलवणे समजू शकते. यंत्राला काय, कुठेही चालते. पण मालकाने यंत्रांबरोबर संघही हलवला. मोरपठारच्या लोकांना विचारले नाही, सुरूबंदरच्या लोकांना विचारले नाही, आणि गड्यांना विचारायचे तर त्याच्या स्वप्नातही आले नसेल. बैल विकत घेणारा निदान त्याचे दात तरी बघतो. इथे तेवढीही चौकशी झाली नाही. घाण्याच्या लोखंडी भागांशेजारी बैलगाड्यांत बसून संघ घाट उतरला. हा मालक दूरदृष्टीचा होता, असे एका स्मरणिकेत छापलेले आहे. तसे लिहिणाऱ्याने त्या गाडीत बसून पाहायला हवे होते.

गड्यांच्या बनियनवर छातीशी लाल दोऱ्याने 'मोरपठार' असे शिवलेले होते. ते उसवायला मालक तयार नव्हता. कमावलेले नाव आहे, ते सोडायचे नाही, असे त्याचे म्हणणे. त्यामुळे मैदानावर पुकारा व्हायचा तो असा: "सुरूबंदरचा मोरपठार संघ!" हे ऐकून लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. टाळ्या कुणासाठी वाजवायच्या हेच त्यांना उमगत नव्हते. काही जण दोन्ही संघांसाठी वाजवत, काही कुणासाठीच नाही, आणि पकड सुटली की सगळे मिळून हसत. खाडीच्या दमट हवेत घाटावरच्या गड्यांचा दमही पुरेना. त्या हंगामात संघ एकामागून एक सामने हरत गेला.

संघात धर्मा इंगवले नावाचा चढाईचा गडी होता. त्याचे सगळे घर वरच, मोरपठारला. आई होती, थोरला भाऊ होता. भावाने निरोप धाडला होता, "संघाबरोबर गेलास, आता संघाबरोबरच राहा." मोरपठारात या गड्यांना पळपुटे म्हणत. खाली त्यांना काय म्हणावे हे कुणी ठरवलेच नव्हते.

एकदा धर्मा मासळीबाजारात गेला तेव्हा सुंदरा तांडेल नावाच्या बाईने त्याला सगळ्यांसमोर अडवले. ही बाई बाजारात कुणाचीही भीड ठेवत नसे.

"काय रे, छातीवर घाटावरचं नाव आणि पोटात आमचा बांगडा. तू नक्की कुणाचा?"

बाजार हसला. धर्मा बांगडे न घेताच परतला म्हणे.

इकडे मोरपठारच्या लोकांनी ईर्ष्येने नवा संघ उभा केला. त्याचेही नाव मोरपठारच ठेवले, आणि का ठेवू नये? गाव त्यांचे होते. हंगामाचा शेवटचा सामना या दोघांचा ठरला, सुरूबंदरच्या मैदानावर. मोरपठार विरुद्ध मोरपठार. मालकाने संघनायक सर्जेरावांना बोलावून सांगितले, "हा हरलात तर संघ मोडला. ज्याने त्याने आपली वाट धरायची."

बाकीच्यांना निदान वाट होती. धर्माला वर दार बंद होते आणि खाली अजून उघडले नव्हते. संघ हेच त्याचे ठिकाण, आणि ते एका सामन्यावर टांगलेले.

सामन्याच्या सकाळी तो खाडीवर गेला. होड्यांतून मासळी उतरत होती, सुंदरा तिथेच होती. धर्माने ओली वाळू मुठीत घेतली, कपाळाला लावली आणि सगळ्यांदेखत शपथ घेतली, "सुरूबंदरची माणसं जिथं बसतील, ते माझं घर. दुसऱ्या घराकडं मी जाणार नाही."

सुंदरा म्हणाली, "बरं बाबा. आम्ही येऊन बसू." त्या एका बोलण्यावर सगळे गाव सामन्याला आले, असे सांगतात.

गाव पश्चिमेच्या टोकाला, आपल्या संघाच्या पाठीमागे बसले. मोरपठारची माणसे गाड्या जुंपून आली होती, ती पूर्वेला त्यांच्या संघामागे बसली. त्यांच्यात धर्माची आई हौसाबाईही होती. पहिला डाव सरळ गेला. धर्मा पूर्वेला चढाई करी आणि पश्चिमेला, म्हणजे घरी, परत येई. शपथ आणि खेळ एकाच दिशेला होते.

मग मध्यंतर झाले आणि संघांनी बाजू बदलल्या. माणसे बसल्या जागीच राहिली. माणसांनी उठायचे असते हे तेव्हा कुणाला ठाऊक होते?

शेवटची चढाई आली तेव्हा बरोबरी होती. धर्मा पश्चिमेला घुसला आणि पहिल्याच झेपेत एका गड्याला हात लावून मोकळा झाला. आता फक्त घरी यायचे होते. आला की सामना जिंकला. अडकला की हरला, आणि संघ मोडला.

"घरी ये!" सर्जेराव पूर्वेकडून ओरडले.

त्यांच्या पाठीमागे मोरपठारची माणसे होती. त्यांतून हौसाबाई उभी राहिली. तिला खेळातले काय कळत होते कोण जाणे. "धर्मा, आरं घरी ये रं!" तिने हाक मारली. ती मैदानातल्या घराचे म्हणत होती की घाटावरच्या, हे तिलाही शेवटपर्यंत सांगता आले नाही.

धर्मा थबकला. ज्या दिशेने घरी बोलावत होते तिकडे मोरपठार बसले होते. सुरूबंदर बसले होते ते त्याच्या समोर, शत्रूच्या अंगणामागे. तो हुतूतू म्हणत तसाच पुढे चालू लागला.

विरुद्ध संघाच्या गड्यांना वाटले, हा काहीतरी डाव आहे. ते बाजूला सरले. त्याला धरायचे कुणाला सुचले नाही. समोर शेवटची रेषा होती, ती ओलांडली की तो बाद. सर्जेराव डोक्यावरचा रुमाल काढून हलवत होते, शिव्या देत होते. धर्मा चालतच होता.

त्याला भोवळ आली होती, असे काही जण लिहितात. भोवळ आलेला माणूस दम टिकवत नाही. हे लिहिणाऱ्यांपैकी एकही जण कधी या मैदानावर आलेला नाही. त्याचा गोंधळ झाला होता, असे काका म्हणतात. काकांचे आजोबा म्हणत की मुळीच नाही, तो शपथ पाळत होता. दोन्ही खरे असायला काय हरकत आहे, हे मला कुणी सांगितलेले नाही.

पश्चिमेच्या लोकांनाही आधी काही कळेना. "अरे, हा आपल्याकडं कशाला येतोय? याला पाणी हवंय काय?"

पहिल्यांदा सुंदरा उठली. "अगो, आपण हिकडं बसलोय म्हणून येतोय तो! चुकीच्या जागी बसलोय आपण! उठा, उठा गो!"

गाव उठले. टोपल्या उलथल्या, चटया पायांत आल्या, माणूस माणसावर आदळला. कुणी उजवीकडून पळाले, कुणी डावीकडून, आणि दोन्ही लोंढे मैदानाला वळसा घालून पूर्वेच्या टोकाला जाऊन मोरपठारच्या माणसांत घुसले. "सरका जरा! आमचा गडी यायचाय!" मोरपठारवाले भांबावून सरकले. एका घोंगडीवर सुंदरा आणि हौसाबाई मांडीला मांडी लावून बसल्या, आणि दोघींना एकमेकींचे नावही माहीत नव्हते.

धर्माने समोर पाहिले तर पश्चिमेला नुसत्या सुरूच्या झाडांच्या बुंध्यांची ओळ. तो वळला. पूर्वेला आता दोन्ही गावे बसली होती. तो धावत सुटला.

त्याचा दम संपत आला होता, हे सगळ्यांना दिसत होते. कुणीतरी त्याच्यासाठी 'हुतूतू' म्हणायला सुरुवात केली, आणि त्या टोकाला बसलेले झाडून सगळे म्हणू लागले. आवाज एवढा झाला की खाडीवरचे बगळे उठले म्हणे. त्या कल्लोळात धर्माचा स्वतःचा दम रेषेपर्यंत टिकला की आधीच सुटला, हे पंचांना ऐकूच आले नाही. तो मध्यरेषेवर आडवा पडला. धड घरात, पाय बाहेर.

सगळे मैदान पंचांकडे पाहू लागले. पंचांनी एकदा रेषेकडे आणि एकदा दोन्ही गावांकडे पाहिले. मग त्यांनी हात वर केला आणि जाहीर केले, "मोरपठार विजयी!"

दोन्ही संघांनी उड्या मारल्या. दोन्ही गावांनी गुलाल उधळला. धनावडे मालक घाम पुसत पंचांकडे गेला आणि म्हणाला, "पण कोणतं मोरपठार?"

पंच म्हणाले, "जिंकलं ते."

याहून जास्त त्यांच्या तोंडून कधी कुणाला काढता आले नाही. हरल्याचे सिद्ध होईना, म्हणून मालकाला संघ मोडता येईना. पुढे त्याने गिरणी विकली आणि तो आणखी कुठल्या गावाला गेला. त्या वेळी मात्र यंत्रेच गेली. संघाला गावाने सोडले नाही. त्या संध्याकाळी हौसाबाई पोराजवळ येऊन म्हणाली, "कुठल्या घरी आलास रं?" धर्माला अजून बोलण्याइतका श्वास नव्हता. त्याने घोंगडीकडे बोट दाखवले, एवढेच सांगतात.

"तुम्ही पंच असता तर काय निकाल दिला असता?" आम्ही काकांना विचारले.

"तोच," काका म्हणाले. "आणि लगेच घरी पळालो असतो."

आजही सुरूबंदर आणि मोरपठार यांचा सामना असला की मध्यंतराला दोन्ही गावे एकदम उठतात आणि मैदानाच्या कडेला एकमेकांत मिसळून चांगलीच अडकतात. आम्ही गेलो त्या दिवशी तोच सामना होता. काकांनी आम्हाला खुर्च्यांवरून उठवले. गर्दीत घाटावरच्या एका म्हाताऱ्या बाईने माझे कोपर घट्ट धरले आणि घाबऱ्या आवाजात विचारले, "आरं बाबा, आपली बाजू कंची?"

मी काकांकडे पाहिले.

"चालत राहा," काका म्हणाले. "सगळे बसले की कळेल."