सरलष्करांचा घुमट

"मग सांगू की नको, बाबा?"

मकबरा बांधणाऱ्या उस्ताद बुऱ्हाननं तिसऱ्यांदा विचारलं. फकीर मिस्कीनशाह तळघरातल्या ताज्या कबरीच्या काठावर बसून नखातली माती काढत होता. फकिरी घेण्याआधी तीस वर्षं त्यानं कबरीच खणल्या होत्या. ही शेवटची, आपला शागिर्द बुऱ्हान याच्या आग्रहाखातर.

कबर सरलष्कर इख्तियारखानांची. खान अजून धडधाकट होते. पण मोठ्यांनी हयातीतच आपला मकबरा उभारायचा, ही त्या मुलखाची रीत. भिंती पुऱ्या झाल्यावर खानांनी भर दरबारात फर्मावलं, घुमट सुलतानांच्या वडिलांच्या घुमटाहून दहा गज उंच हवा.

बुऱ्हान चार मुलखांतलं गणित शिकलेला. भिंतींना ते ओझं पेलणार नाही, हे त्याला तिथंच कळलं होतं. तरी तो "जी हुजूर" म्हणून गेला. तेव्हापासून आकडे पुन्हा पुन्हा मांडत होता. आपलंच चुकलं असावं, अशी आशा होती. चुकलं नव्हतं.

आज खान काम बघायला येणार होते. बोललं तर मान जाणार, नाही बोललं तर घुमटाखाली गवंडी गाडले जाणार.

"आधी कबरीची लांबी बघून दे," फकीर म्हणाला. "नेहमी मीच आडवा होऊन बघायचो. पण तू खानांच्या उंचीचा आहेस."

"मी?"

"अंगरखा मळेल म्हणतोस?"

बुऱ्हान कुरकुरत उतरला, आडवा झाला. माती गार होती. पाय बरोबर मावले.

...

वर टापा वाजल्या. तो धडपडून उठू लागला. फकिरानं काठी त्याच्या छातीवर टेकवली.

खान पायऱ्या उतरून आले आणि आपल्या कबरीत आपला उस्ताद बघून थबकले. हा काय प्रकार, म्हणून त्यांनी विचारलं.

"हुजूर, या भिंतींवर तेवढा घुमट उभा राहणार नाही," बुऱ्हान खालूनच म्हणाला. "कोसळेल."

आवाज कापला नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

खान कबरीच्या काठाशी वाकले.

"हे त्या दिवशी दरबारात का नाही बोललास?"



मिस्कीनशाहनं काठी उचलली.

"दरबारात तो उभा होता."