निळाईचा मंचक

एका राज्यात एक राजकन्या होती. कुमुद तिचे नाव. वय सात वर्षांचे. दिवस कलला आणि दासी शेज घालू लागली की ती आईच्या पदराला घट्ट धरून बसे.

तिचा पिता राजा पृथुसेन शूर होता. वर्षापूर्वी त्याने नदीपलीकडचा डोंगरमुलूख जिंकला. त्या डोंगरात मायाधर नावाचा मांत्रिक राहतो आणि त्याच्या घरी अमोल निधी आहे, असे राजाच्या कानी आले होते. राजा तिथे पोचला, तर घरात सोने नव्हते, रत्ने नव्हती. निधी म्हणावा असा एक मंचक तेवढा होता. काळ्या शिसवीचा, चारी खुरांवर वेली कोरलेल्या, उशाशी एक लाकडी राघू बसलेला. राजाने तो आणला आणि लेकीला दिला.

थोड्याच दिवसांत, रात्री, राक्षस येऊ लागले.

ते तीन होते. पहिल्याचा हात पेटलेला असे, आणि तो जळत असूनही ओरडत नसे. दुसऱ्याचे अंग लोखंडी खवल्यांचे होते. तो चालला की भांडी आदळल्यासारखा आवाज होई. तिसऱ्याला दोन शिंगे होती आणि तोंड नव्हते, तरी तो हसे. ते मंचकाभोवती उभे राहत, मग मंचक उचलत, आणि कुमुदला वाटे की आपल्याला अंधारात नेताहेत. पहाटे मंचक जागच्या जागी असे. हे सगळे चालले असताना मंचकाखाली कुणीतरी हळूहळू रडे. कुमुदने खाली वाकून कधी पाहिले नाही.

राजाने दारात पहारा बसवला. पहारेकऱ्यांना काही दिसले नाही. राजाने शंभर दिवे लावले. राक्षस उजेडातही आले. मग राजा रागावला.

"राजाच्या मुलीने भ्यायचे नसते," तो म्हणाला. "शेज बदलायची नाही. भय मोडेपर्यंत तिथेच निजायचे."

कुमुद वाळत चालली. राणी चित्रांगी एके रात्री तिच्याजवळ जाऊन बसली.

"आई, ते बघ, आले," कुमुद म्हणाली. "तुला दिसत नाहीत?"

"नाही."

"म्हणजे मी खोटे बोलते?"

"नाही, बाळ. तुला दिसतात, म्हणजे आहेत. कसे आहेत ते सांग मला."

कुमुदने सांगितले. राणी ऐकत राहिली. राजाच्या रणातल्या शिरस्त्राणाला दोन शिंगे होती आणि चेहरा झाकणारा पत्रा होता, हे तिला माहीत होते. ती उशाकडे वळली आणि लाकडी राघूला तिने हात जोडले.

"राघोबा, तू या मंचकाचा जुना सोबती. हे काय आहे?"

राघूने मान वळवली. "वर्षभर मी वाट पाहतो आहे," तो म्हणाला. "आजवर कुणी विचारले नाही."

"मी विचारते."

"हे भय तुझ्या लेकीचे नव्हे. या मंचकावर मायाधराची मुलगी निजत असे. निळाई तिचे नाव. एका रात्री बाप औषधी मुळ्या आणायला गेला होता, ती एकटी होती. त्या रात्री तिने जे पाहिले तेच तुझी लेक पाहते. बाप परत आला तेव्हा ना मंचक होता, ना मुलगी. त्याची विद्या नदीच्या या, तुमच्या काठावर चालत नाही, म्हणून तो पायी तुमच्या वेशीवर आला. तीन वेळा आला. तीनही वेळा पहारेकऱ्यांनी हाकलला. तेव्हा आपल्या काठावर परतून त्याने शाप दिला, की माझी लेक घरी येईपर्यंत तिने पाहिले ते राजाच्या लेकीला दिसो."

"उतारा?"

"तीन कामे आहेत, आणि तीनही राजाचीच. एक रात्र त्याने या मंचकावर निजावे. जे दिसेल ते भर सभेत सांगावे. आणि मंचक आपल्या पाठीवर वाहून ज्याचा त्याला नेऊन द्यावा."

राणीने राजाला सांगितले. राजा हसला, पण लेकीच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकताना त्याने पाहिली, आणि त्याचे हसू मावळले.

त्या रात्री राजा मंचकावर निजला. राघू त्याच्या कानाशी म्हणाला, "आज तू सात वर्षांचा आहेस." तेवढ्यात मंचक मैदानाएवढा झाला. राजाचे पाय पायथ्याशी पोहोचेनात. दार फुटले. पेटलेला हात आत आला, खवल्यांचे अंग आत आले, आणि मागून शिंगांचा, बिनतोंडाचा. राजाने तलवार शोधली, तर हाती बाहुली लागली. त्याने हाक मारायला तोंड उघडले, तर आवाज नव्हता. शिंगे त्याच्यावर ओणवली आणि हसून म्हणाली,

"माझ्या लेकीला शोभेल असा मंचक!"

आवाज त्याचा स्वतःचा होता.

सकाळी राणीने दार उघडले तेव्हा राजा भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. "पहिले काम झाले," एवढेच तो बोलला.

दुसरे काम अवघड गेले. सभा भरली, आणि राजा तीन वेळा सिंहासनावरून उठून तीन वेळा खाली बसला. चौथ्यांदा त्याने सांगितले. मशाल कुणाची होती, चिलखत कुणाचे होते, शिंगे कुणाची होती, सगळे नाव घेऊन सांगितले. सेनापतीने मान खाली घातली.

"महाराज," तो म्हणाला, "स्वारीत असे होतेच."

"होते, ते मला ठाऊक होते," राजा म्हणाला. "कुणाला होते, ते ठाऊक नव्हते."

तिसऱ्या कामासाठी त्याने मुकुट उतरवला. बायका रानातून जळण आणतात तसा कपाळाला पट्टा लावून त्याने मंचक पाठीवर घेतला. राणी आणि कुमुद बरोबर चालल्या. लोक वाटेत उभे राहून पाहत होते. पहिल्या दिवशी राजाचे खांदे सोलले, दुसऱ्या दिवशी पाय फुटले, तिसऱ्या दिवशी तो बोलेनासा झाला. रात्री ते झाडाखाली थांबत. मंचकाखालून रडणे येई. ते कुमुदलाच ऐकू येई.

"ती 'आबा, आबा' म्हणते," कुमुद एकदा म्हणाली. "तू दूर असलीस, तर मीही अशीच 'आई, आई' म्हणेन." हे रडणेही शापातलेच, असे राणीला वाटले.

सातव्या दिवशी त्यांनी नदी ओलांडली. डोंगराच्या कुशीत एक घर होते, जळक्या छपराचे. दार सताड उघडे. उंबऱ्यात एक माणूस बसला होता. वर्षापूर्वी त्याचे केस काळे होते, हे कुणाला सांगून खरे वाटले नसते. तो रोज संध्याकाळी नाचणीच्या दोन भाकऱ्या भाजी. एक आपण खाई, दुसरीवर मध घालून ती दाराशी ठेवी. सकाळी ती पाखरे खात. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दोन भाजी.

राजाने मंचक टेकवला नाही. वाकल्यावाकल्या म्हणाला, "मी पृथुसेन. तुमचा मंचक आणला आहे."

मायाधर उठला. "नदीच्या या काठावर माझी विद्या चालते. तुझा दगड करीन."

"करा. आधी हा नीट उतरवू द्या."

मंचक उतरला. मायाधराने त्याच्या कडेवरून हात फिरवला, जिथे मुलीचे डोके असे तिथे थांबवला.

"माझी मुलगी कुठे आहे?"

"ठाऊक नाही," राजा म्हणाला. "त्या रात्री मी मंचक पाहिला. मुलगी मला दिसलीच नाही."

मायाधराचा हात मंत्रासाठी वर गेला. तोच कुमुद म्हणाली, "ती खाली आहे. रोज रडते."

मायाधर थबकला. मग तो एकाएकी गुडघ्यांवर आला. "लपायचा मंत्र!" तो पुटपुटला. "अर्धाच शिकवला होता मी तिला. लपायचा अर्धा. परत यायचा अर्धा राहिला होता." त्याने जमिनीला तोंड लावून उरलेला मंत्र म्हटला. मंचक थरथरला. कुणी बाहेर आले नाही. त्याने पुन्हा म्हटला, नाव घेऊन हाका मारल्या. कुणी आले नाही.

"वाट मोकळी झाली आहे," तो राजाकडे पाहत म्हणाला. "पण ज्याला भिऊन तिला लपावे लागले तो इथेच उभा असता ती कशी येईल?"

राजा वीस पावले मागे गेला आणि धुळीत बसला.

वर्षभर कुमुद त्या अंधारापासून पाय वर घेऊन निजली होती. तिने आईचा हात सोडला, जमिनीवर पालथी झाली आणि मंचकाखाली पाहिले. तिथे रात्र होती, आणि रात्रीत दोन डोळे होते.

"तू राक्षस आहेस?" डोळ्यांनी विचारले.

"नाही. मी कुमुद. तू निळाई ना?"

"ते तिघे गेले?"

कुमुदने मागे वळून पाहिले. खोटे बोलावे असे तिच्या मनात आले, पण ती बोलली नाही. "दोघे आले नाहीत. तिसरा आहे. तो माझा तात आहे. लांब बसला आहे."

"हसतो आहे?"

"नाही. रडतो आहे."

डोळे जरा जवळ आले.

"माझा आबा?"

"आहे. त्याचे केस पांढरे झालेत. घाबरू नकोस, ओळख त्याला."

अंधारातून एक हात आला. कुमुदने तो धरला. तो बर्फासारखा गार होता, आणि तिच्या हाताएवढाच होता. निळाई बाहेर आली. वर्ष तिच्यावरून गेलेच नव्हते. तिने पांढऱ्या केसांच्या माणसाकडे पाहिले, पाहत राहिली, आणि मग त्याच्या गळ्याशी जाऊन पडली. मायाधर तिचे गार हात आपल्या हातांत घेऊन चोळत राहिला.

शाप तिथेच सुटला. लाकडी राघूच्या अंगावर हिरवी पिसे फुटली आणि तो रानात उडून गेला.

राजा दुरून म्हणाला, "क्षमा मागायला आलो आहे."

"मागू नकोस," मायाधर म्हणाला. "तिच्यावाचून गेलेले वर्ष तू परत देऊ शकतोस?"

"नाही."

"मग छप्पर घाल."

राजाने डोंगरमुलूख डोंगरवाल्यांना परत दिल्याचे तिथेच जाहीर केले. निजल्या घराचा उंबरा सैन्याने ओलांडू नये, असा कायदा केला. आणि मग गवत कापून आणले, वासे घातले, नऊ दिवस छप्पर शाकारले. त्या नऊ रात्री दोघी मुली एकाच मंचकावर, डोक्याला डोके लावून, उजाडेपर्यंत गाढ झोपल्या. निळाई राजाजवळ मात्र गेली नाही. तो दिसला की बापाच्या मागे होई. राजाने तिला कधी हाक मारली नाही.

दहाव्या दिवशी ऊन कडक होते. राजा शेवटची पेंढी बांधून खाली उतरला आणि निघायच्या तयारीने उभा राहिला. तेव्हा निळाई घरातून आली. तिच्या हातात पाण्याने भरलेला वाळका भोपळा होता. तिने तो राजाच्या वाटेवर, त्याच्यापासून दहा पावलांवर ठेवला आणि मागे सरली, पण घरात पळाली नाही. राजा गेला, बसून पाणी प्याला, भोपळा जिथे होता तिथेच ठेवला, आणि तिच्याकडे एकही पाऊल न टाकता नदीच्या वाटेला लागला. मागोमाग राणी आणि कुमुद निघाल्या.

जशी निळाई तिच्या आबाला भेटली, तशी वाट पाहणाऱ्या सगळ्यांना त्यांची माणसे भेटोत.