ढोल खिंडीत वाजला

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला संकल्पांची भारी हौस होती. गुढीपाडव्याला घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या, कडुलिंबाचा पाला गुळाबरोबर चावून झाला, की सगळं गाव चावडीपुढे जमायचं. नव्या वर्षात तब्येतीसाठी आपण काय करणार ते एकेकाने मोठ्याने सांगायचं आणि त्यावर म्हादू ढोलकऱ्याने ढोल वाजवायचा, अशी तिथली रीत होती. संकल्प जेवढा मोठा, तेवढा ढोल मोठा. साहजिकच लहान संकल्प करायला कोणी तयार नसे. वर्षभर नदीत पोहणारे, मीठ सोडणारे, उपास धरणारे शूरवीर त्या दिवशी चावडीपुढे मावत नसत. आठवडाभराने त्यांतला एकही शोधून सापडत नसे. पण ढोल तर वाजून गेलेला असे, आणि वाजलेला ढोल परत कोण मागतो?

या गावात त्रिंबकशेट नावाचा वाणी राहत होता. त्याचं किराण्याचं दुकान होतं. तो गादीवर बसला की उजव्या हाताशी चण्याफुटाण्यांचा डबा असे आणि डाव्या हाताशी गुळाची ढेप. गिऱ्हाईक असो वा नसो, शेटचं तोंड चालूच. माणूस मनाने मोकळा, पण शरीर असं सुटलं होतं की दुकानाची पायरी चढली तरी धाप लागायची.

पाडव्याला मात्र सर्वांत मोठा ढोल त्याचाच. “रोज पहाटे खिंड चढून येईन! गोडाला शिवणार नाही! रात्रीचं जेवण बंद!” तो गर्जायचा, आणि म्हादू घाम फुटेपर्यंत ढोल बडवायचा. दुसऱ्या दिवशी शेट खरोखरच निघायचा. पहिल्या वळणावर बसकण मारायचा, पायाला फोड घेऊन परत यायचा आणि रात्री उपाशीपोटी कूस बदलत राहायचा. चार दिवसांत गुळाच्या ढेपेशी त्याची पुन्हा दिलजमाई झालेली असे. “मोडला तो मोडला,” तो बायकोला म्हणे. “आता पुढच्या पाडव्याला बघू.” आणि उरलेलं वर्ष तो अगदी निवांत मनाने खात बसे.

त्रिंबकशेटला एकच बहीण होती, गोदू. ती डोंगराच्या पलीकडच्या गावात दिली होती. आईवडील गेल्यापासून गोदूचं माहेर म्हणजे तिचा दादा. त्या काळी डोंगरातून गाडीरस्ता नव्हता. जायचं तर खिंड चढून, पायी. एका वर्षी फाल्गुनात गोदूला मुलगा झाला. बारशाच्या दिवशीच बाळाचे कान टोचायचे होते. कान टोचताना बाळ मामाच्या मांडीवर बसवतात. भाचा झाल्याच्या आनंदात शेटने सोन्याच्या बाळ्या घडवून घेतल्या आणि चार जणांची डोली ठरवली.

डोली पहिल्या वळणापर्यंत गेली. तिथे डोलीचा दांडा कडकन मोडला. शेट करवंदीच्या जाळीत पडला. लागलं फारसं नाही, पण तिथून पुढे चालत जाणं काही त्याला जमेना. बायको अनसूया बाळ्या घेऊन पुढे गेली आणि शेट घरी परतला.

संध्याकाळी अनसूया आली. तिने चपला काढल्या आणि पाय धुतले.

“बाळ कुणाच्या मांडीवर बसवलं?” शेटने विचारलं.

“शेजारच्या तात्यांच्या. भटजी म्हणाले, मामा नसेल तर मानलेला मामा चालतो.”

“गोदू काय म्हणाली?”

अनसूयेला सांगणं जिवावर आलं होतं, पण तिने सांगितलं. “म्हणाली, दादाला सांग, दरवर्षी पाडव्याला तुझा ढोल इथपर्यंत ऐकू येतो. तू मात्र येत नाहीस. पुढच्या फाल्गुनात, वर्षाच्या आत, आमच्या देवीपुढे याचं जावळ काढायचं आहे. तेव्हाही बाळ तात्यांच्याच मांडीवर बसवायचं का, ते तूच सांग.”

त्या रात्री शेटने ताटातला लाडू तसाच ठेवला. त्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं.

थोड्याच दिवसांत पाडवा आला. चावडीपुढे गाव जमलं. दामाजी पाटलाने आरोळी ठोकली, “वर्षभर रोज पहाटे खिंडीपर्यंत पळत जाऊन येईन!” ढोल दणाणला. मग सगळ्यांच्या नजरा त्रिंबकशेटकडे वळल्या. म्हादूने बाह्या सरसावल्या. आता खरा आवाज काढायचा होता.

शेटने तोंड उघडलं. नेहमीचे शब्द जिभेवर आलेच होते. तेवढ्यात त्याची नजर डोंगराकडे गेली. आता आपण गरजणार, ढोल वाजणार, तो पलीकडे गोदूच्या अंगणात ऐकू जाणार आणि ती बाळाला घेऊन आत निघून जाणार, असं त्याला स्पष्ट दिसलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

“मी...” तो हळूच म्हणाला, “दुपारी जेवण झाल्यावर वेशीपर्यंत चालत जाईन आणि परत येईन.”

गाव पुढचं ऐकायला थांबलं. पुढे काही नव्हतंच.

“शेट, एवढंच?” म्हादूने टिपरू हवेतच धरलं होतं. “ह्याला ढोल वाजवू तरी कसा?”

“नको वाजवूस.”

म्हादूला अगदीच वाईट वाटलं, म्हणून त्याने ढोलावर एक टिचकी मारली. टिप. सगळी चावडी हसून लोळायची बाकी राहिली. त्या दिवसापासून गावाने त्याचं नाव टिपशेट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं. नेहमी शेट या वेळी आडवा होत असे. आज तो उठला, डोक्याला पंचा गुंडाळला आणि वेशीकडे निघाला. “टिपशेट निघाले मोहिमेवर!” पारावरून कोणीतरी ओरडलं. शेट वेशीला हात लावून परत आला. एवढं करायला त्याला ना फोड आले ना उपास पडला. त्यामुळे उद्या पुन्हा जायला काहीच अडचण नव्हती. तो गेला. परवाही गेला.

डब्याचंही त्याने असंच केलं. चणेफुटाणे सोडले नाहीत. डबा तेवढा हाताशी न ठेवता मागच्या कोठीत नेऊन ठेवला. हवं तेव्हा खायचं, पण स्वतः उठून जाऊन. गादीवरून उठण्याचा त्याला असा काही कंटाळा होता, की निम्म्या वेळा “जाऊ दे” म्हणून तो बसूनच राही. अनसूया हे बघून पदराआड हसायची.

वैशाख सरता सरता वेस त्याला जवळ वाटू लागली. मग तो विहिरीपर्यंत जाऊ लागला, पुढे माळावरच्या चिंचेपर्यंत. पावसाळ्यात वाट चिखलाने भरली तेव्हा दुकानापुढच्या पडवीत येरझाऱ्या घातल्या. तोवर पाटलाचा पळण्याचा संकल्प केव्हाच पाय मुरगळून घरी बसला होता.

श्रावणात शेट तापाने फणफणला आणि बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिला. तो उठून बसला तेव्हा पाटील समाचाराला आला. “काय टिपशेट, मोडला ना संकल्प? चला, सुटलात एकदाचे. आता पुढच्या पाडव्यालाच बघा.”

किती ओळखीचे शब्द होते ते! शेट स्वतःच इतकी वर्षं ते म्हणत आला होता. क्षणभर त्याला मोहही झाला. अंगात त्राण नव्हतं, बाहेर पाऊस होता आणि कोठीत डबा होता.

“मोडला नाही, पाटील. खंड पडला,” तो म्हणाला. “आज अंगणापर्यंतच जातो.” आणि भिंतीला धरून तो खरोखर अंगणापर्यंत गेला. त्या वर्षातलं हेच त्याचं सर्वांत अवघड चालणं होतं.

दिवाळीला त्याने लाडू खाल्ले, चकल्या खाल्ल्या आणि दुपारी पंचा गुंडाळून निघाला. थंडीत तो डोंगराच्या पायथ्याला पोचला. मग रोज थोडी थोडी चढण, पहिल्या वळणापर्यंत. दुकानाची पायरी आता त्याला आठवतही नसे; धोतर मात्र सारखं नव्याने आवळावं लागे.

फाल्गुन आला. जावळाच्या दिवशी पहाटे त्रिंबकशेट निघाला. बरोबर अनसूया होती आणि मामाकडचं वाजंत्री म्हणून म्हादू होता, पाठीवर ढोल घेऊन. पहिलं वळण आलं. करवंदीची ती जाळी तिथेच होती. शेट थबकला. इथून पुढे तो जन्मात गेला नव्हता. वर बघितलं तर खिंड आभाळाला टेकलेली.

“शेट, बसता का जरा?” म्हादू म्हणाला. “नाहीतर मी खालनं डोलीवाल्यांना आणतो.”

“नको,” शेट म्हणाला. “खिंडीकडे बघितलं की माझे पाय गळतात. मी आपला त्या काळ्या दगडापर्यंत जातो.”

तो दगडापर्यंत गेला. तिथून एक वाकडं पळसाचं झाड दिसत होतं, फुलांनी लाल झालेलं. “आता त्या पळसापर्यंत,” तो म्हणाला. मग झऱ्यापर्यंत. झऱ्यावर पाणी प्यायला, तोंड धुतलं, पुन्हा निघाला. धाप लागली की उभा राही, पण मागे वळून बघत नसे. अनसूया पुढे झाली होती. एकदम ती वरून ओरडली, “अहो, आता वर वाटच नाही! संपली!”

शेट खिंडीत उभा होता. पलीकडून गार वारा आला. खाली कौलारू गाव दिसत होतं आणि देवळावरचा झेंडा फडफडत होता. शेटचे डोळे भरून आले. त्याने ते पुसलेही नाहीत.

“म्हादू,” तो म्हणाला, “आता वाजव!”

म्हादूने शेटसाठी वर्षभर राखून ठेवलेला ढोल वाजवला. असा वाजवला की दोन्हीकडचे डोंगर घुमले, झाडांवरचे पक्षी उडाले आणि खाली देवळापुढे जमलेली माणसं माना वर करून बघू लागली. गोदू बाळाला कडेवर घेऊन उभी होती. तिने आवाज ओळखला.

“तात्या, तुम्ही उठा पाटावरून,” ती म्हणाली. “आज नुसता ढोल आला नाही. माझा दादा आलाय!” आणि बाळासकट ती डोंगराच्या वाटेने धावत सुटली.

जावळ झालं. बाळ रडून रडून लाल झालं आणि मामाचं नवं उपरणं त्याने ओलं केलं. मामा इतका खूश होता की त्याला त्याचा पत्ताच नव्हता. पुरणपोळी आली तेव्हा त्याने ती तुपात बुडवून खाल्ली आणि जेवण झाल्यावर सवयीने उठून गोदूच्या गावाची वेस बघून आला.

थोड्या दिवसांनी पाडवा आला. गाव चावडीपुढे जमलं. पाटील घसा खाकरून उभा राहिला. “या वर्षी मी रोज...” आणि त्याने म्हादूकडे बघितलं. म्हादूने टिपरू कमरेला खोचलं होतं.

“बोला की पाटील, मी ऐकतोय,” म्हादू म्हणाला. “ढोल पुढल्या पाडव्याला वाजवीन, केलं असलं तर. औंदा एकाचाच वाजणार.” आणि त्रिंबकशेटकडे वळून त्याने अशी थाप मारली की चावडीची कौलं थरथरली.

त्या गावात रीत बदलली ती तेव्हापासून. टिपशेट हे नाव मात्र तसंच राहिलं. फक्त आता ते घेताना लोक अदबीने उठून उभे राहत.

तात्पर्य: तब्येतीचा संकल्प चारचौघांत गाजावा म्हणून करू नये, आपल्याला रोज पेलेल एवढाच करावा आणि खंड पडला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावा. असा संकल्प केवढाही लहान असला, तरी तो माणसाला एक दिवस डोंगरापलीकडे पोचवतो.