न उघडलेलं पान

‘‘जे पान सात वर्षांत कुणी उघडलंच नाही, ते ठेवायचं तरी कशाला, गुरुजी?’’

अनंतगुरुजी समोरच्या वह्यांकडे बघत राहिले. त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या सिन्नरकडच्या घराण्यांची नावं त्यांत होती. जो येई, तो गेलेल्यांची आणि जन्मलेल्यांची नावं स्वतःच्या हातानं लिहून जाई. सहा पिढ्या हेच चालत आलं होतं.

प्रसन्न वाघचौरे लहानपणी दोन वर्षं याच ओसरीवर गुरुजींच्या हाताखाली शिकला होता. आज तो वह्या मागायला आला होता. पानांचे फोटो काढून सगळं क्लाउडवर ठेवायचं, म्हणजे कुठल्याशा कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर.

‘‘तिथं जागेला भाडं पडतं. म्हणून मी नियम घातलाय. सात वर्षं न उघडलेलं पान आपोआप पुसलं जाईल.’’

‘‘आणि यात तुझं काय?’’

‘‘नोकरी, गुरुजी. एमबीए होऊन दोन वर्षं विमा विकत हिंडलो. लोक तोंडावर दार लावून घ्यायचे. क्लाउड शिकलो आणि तीन कंपन्यांची बोलावणी आली. नुसतं तंत्र येणारी पोरं पुष्कळ आहेत, नुसते एमबीए तर गल्लोगल्ली. कंपन्यांना दोन्ही जमणारा हवा असतो. त्यातल्या हैदराबादवाल्यांना मला सोमवारी एक खरं काम हाती असल्याचं दाखवायचंय. तुम्ही हो म्हणालात तर...’’

‘‘मोठा झालास की रे.’’

गुरुजींनी एक वही ओढली. न शोधताच पान काढलं.

उजवीकडे झुकलेलं वडिलांचं अक्षर. रामनाथ वाघचौरे, सिन्नर. खाली वेडंवाकडं, ओळ सोडून गेलेलं... प्रसन्न, वय नऊ.

‘‘तुला इथं ठेवायला आले होते तेव्हाचं. एकोणीस वर्षं झाली, कुणी उघडलं नाही.’’

प्रसन्नचा आवाज उतरला. ‘‘हे एक पान वगळता येईल.’’

‘‘आणि बाकीच्यांचे वडील?’’

गुरुजींनी पेन पुढं केलं. ‘‘रामनाथराव गेल्याचं कानावर आलं होतं. आठ महिने वाट बघतोय. लिही.’’

त्यानं नाव लिहिलं. पुढं हात थांबला.

‘‘तिथी?’’

‘‘त्या दिवशी क्लाउडची परीक्षा होती, गुरुजी. फोन बंद होता. आईनं चौदा वेळा...’’

‘‘गुण किती पडले?’’

‘‘हजारात नऊशे बारा.’’

चटकन बोलून गेला. मग त्याला मान वर करवेना.

तिथी फोनवर अर्ध्या मिनिटात सापडली असती. त्याचा हात खिशाकडे गेला नाही.

नावावरची शाई वाळली. तिथीची जागा कोरीच राहिली. गुरुजींनी वही मिटली, सगळ्या वह्या लाल फडक्यात बांधल्या आणि गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं.

‘‘ने.’’

प्रसन्ननं गाठोड्याला दोन्ही हातांनी धरलं. ‘‘तो नियम... काढून टाकतो मी.’’

‘‘राहू दे. सात वर्षांच्या आत तू एकदा येऊन तिथी लिहून जा.’’